पासोडी आणि ताम्रपट

मराठवाड्यात इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करणारा विद्यार्थी, मग तो नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकणारा असो अथवा लातूरच्या दयानंद महाविद्यालयात, विल्यम ब्लेक या कवीला प्रथम भेटतो तो वाघावरच्या आणि कोकरावरच्या दोन लहानशा कवितांतून. पाठ्यपुस्तकाच्या पानावर त्या कविता छापखान्याच्या काळ्या खिळ्यांत उभ्या असतात, प्राध्यापक त्यांतील प्रतीके उलगडून दाखवितात, परीक्षेत त्यांवर टिपा लिहावयास सांगितल्या जातात. आणि ज्या हाताने त्या रचल्या त्याच हाताने त्यांच्याभोवती वेली, ज्वाला, पशू आणि देवदूत रेखाटून तांब्याच्या पत्र्यावरून त्या कागदावर उमटविल्या होत्या, ही त्या काव्याची अर्धी बाजू विद्यार्थ्याच्या दृष्टीस न पडताच वर्ष सरते. अक्षर आणि आकृती एकाच ध्यानातून प्रकट करणारा द्रष्टा कवी म्हणून पाश्चात्य जग ब्लेकचा गौरव दीड शतकाहून अधिक काळ करीत आले आहे, आणि तो गौरव सर्वथा उचित आहे. परंतु लातूरहून सकाळी निघालेला मनुष्य सायंकाळी सहज घरी परतेल एवढ्या अंतरावर, बालाघाटाच्या माथ्यावरील अंबाजोगाईत, ब्लेकच्या जन्मापूर्वी २०६ वर्षे जन्मलेल्या एका मराठी कवीने सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा वस्त्रावर ओव्या, कोष्टके आणि आकृत्या यांचा एकच संभार मांडून ठेवला, ही गोष्ट त्याच वर्गात त्याच अभिमानाने सांगितली गेली पाहिजे, असे मला अंतःकरणपूर्वक वाटते. त्या कवीचे नाव दासोपंत, आणि त्या वस्त्राचे नाव पासोडी.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ म्हणजे इ. स. १५५१ च्या भाद्रपद वद्य अष्टमीचा. बहामनी राज्याची पाच शकले होऊन अर्धशतक उलटून गेले होते, आणि बेदरच्या जुन्या राजधानीवर बरीदशाहीचा अंमल होता. या घराण्याचा मूळ पुरुष कासीम बरीद याच्या हाती आरंभी औसा, कंधार आणि उदगीर हेच मुलूख होते, म्हणजे आजच्या लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतील तीन किल्ले हा त्या सत्तेचा पाया होता. पुढे शेजारच्या निजामशाहीशी आणि आदिलशाहीशी होणाऱ्या झटापटींत हे किल्ले कधी इकडे तर कधी तिकडे जात राहिले, आणि त्यांच्या तटाखालच्या रयतेला धारा कोणाच्या कचेरीत भरावयाचा हे दर काही वर्षांनी नव्याने शिकावे लागले. दासोपंतांच्या बालपणी बेदरच्या तख्तावर अली बरीद होता. शाह ही पदवी घेणारा या घराण्यातील हा पहिला पुरुष, १५६५ मध्ये विजयनगराविरुद्ध जमलेल्या सुलतानांच्या आघाडीत सामील झालेला, आणि त्याचबरोबर काव्याचा व शिल्पाचा शौकीन. त्याने हयातीतच स्वतःसाठी जी कबर बांधविली तिच्या भिंतींवर रंगीत चिनी मातीच्या फरशांत अत्तार या फारसी सूफी कवीचे शेर कोरविले आहेत. कविता ही कानाने जशी ऐकावी तशी डोळ्यांनी पाहावी, ही रुची त्या काळच्या दख्खनच्या हवेतच होती, आणि दासोपंतांच्या पासोडीचा विचार करताना बेदरच्या त्या भिंती विसरून चालणार नाही.

बेदरच्या अमलाखालील नारायणपेठ येथे दासोपंतांचे वडील दिगंबरपंत हे देशपांडेपणाच्या वतनावर होते. देशपांडे म्हणजे परगण्याच्या जमाबंदीचा लेखक. गावोगावच्या कुळकर्ण्यांनी पाठविलेले झाडे आणि ताळेबंद पडताळावे, हुजुरास किती वसूल गेला आणि रयतेकडे किती बाकी राहिली याचा आकार काढावा, अतिवृष्टीचे वा अवर्षणाचे साल असेल तर सूट मागावी, आणि सूट न मिळाल्यास तगाद्याचा पहिला घाव स्वतःच्या पाठीवर झेलावा, असा हा धंदा होता. चरित्रकार सांगतात की एका दुष्काळात दिगंबरपंतांनी सरकारी कोठारांतील धान्य उपाशी रयतेस वाटून टाकले, सरकारदेणे थकले, आणि बाकीच्या वसुलीसाठी शाहाने त्यांच्या मुलास ओलीस ठेवून घेतले. ठरल्या मुदतीत रक्कम न भरल्यास या मुलास बाटवू, असा हुकूम निघाला. मुदत संपत आली असता दत्ताजी पाडेवार नावाचा एक मनुष्य बेदरास आला, त्याने सगळी बाकी रोख भरली, पावती घेतली, आणि तो दिसेनासा झाला. तो पाडेवार म्हणजे प्रत्यक्ष दत्तात्रेय होते अशी दासोपंतांची आणि त्यांच्या घराण्याची श्रद्धा.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्यांस ठाऊक आहे त्यांस या दोन आख्यानांतील साम्य तत्काळ जाणवेल. तेथेही दुष्काळ, तेथेही बेदरचेच सरकार, तेथेही लुटविलेली कोठारे, आणि तेथेही बाकी भरणारा अज्ञात सेवक. एवढ्या साम्यावरून कोणी इतिहासज्ञ दुसरी कथा पहिलीवरून बेतली असे म्हणेल, तर त्याच्याशी वाद घालण्याचे प्रयोजन नाही. परंतु या कथा ज्या समाजाने सांभाळल्या त्याच्या अंतःकरणातील न्यायाची कल्पना त्यांत निःसंशय उमटली आहे. लेखणी हाती असलेल्या कारकुनाने उपाशी माणसाच्या बाजूने लेखणी वळविली तर देव स्वतः त्याच्या वहीतील बाकी फेडतो, ही ती कल्पना. आणि ज्या मुलाच्या नावावर ती बाकी फिटली त्या मुलाने उरलेले आयुष्य त्या फेडणाऱ्याचा शोध घेण्यात आणि त्याची स्तुती लिहिण्यात वेचावे, यांत एक कठोर सुसंगती आहे. माझ्यासाठी दत्ताने पाडेवार व्हावे आणि मी येथे वतनाचा उपभोग घ्यावा हे घडणे नाही, असा निश्चय करून दासोपंत तरुणपणीच घर सोडून निघाले.

त्यांची वाट उत्तरेकडे होती. बेदरच्या पठारावरून उतरून गोदावरी ओलांडावी आणि पैनगंगेच्या वळणात उभ्या असलेल्या माहूरच्या डोंगरांत शिरावे, असा तो प्रवास. माहूर आज नांदेड जिल्ह्यात आहे. रेणुकेचे पीठ, दत्तशिखर, अनसूयेचे शिखर आणि जुना गड ही सारी एकमेकांस लगटून असलेल्या त्या डोंगरांत दासोपंतांनी बारा वर्षे तप केले असे परंपरा सांगते. गावच्या चावडीवर हिशेबाचे बंद पाहत वाढलेला तरुण तेथे सागाच्या रानात एकाकी राहिला, आणि त्याला जे दिसावयाचे ते तेथे दिसले. त्यानंतर त्यास गोदातीरीच्या राक्षसभुवनास जाण्याची आज्ञा झाली आणि तेथील वाळवंटात दत्तपादुका मिळाल्या, अशी कथा आहे. राक्षसभुवनाहून ते अखेर अंबाजोगाईस आले, आणि मग मरेपर्यंत तेथेच राहिले.

अंबाजोगाई हे स्थान लिहिणाऱ्या माणसास साजेसे होते. योगेश्वरीचे देऊळ तेथे, विवेकसिंधूच्या कर्त्या मुकुंदराजांची समाधी तेथे, आणि जयंती नदीच्या काठाकाठाने खडकांत कोरलेली लेणी तेथे. ज्या गावाने मराठी पद्याचा आद्य तत्त्वज्ञ सांभाळला त्याच गावाने दासोपंतांसही आसरा दिला. समकालीनांत त्यांचे स्थान मोठे होते. एका जनार्दनी, रामा जनार्दन, जनी जनार्दन, विठा रेणुकानंदन आणि दासो दिगंबर असे एक पंचक परंपरेने मानले आहे, आणि पैठणच्या एकनाथांशी त्यांचा स्नेह होता अशा आख्यायिका दोन्ही गावांत आहेत. त्यांपैकी एक अशी, की दासोपंत पैठणास गेले असता ज्या दत्ताच्या दर्शनासाठी त्यांनी बारा वर्षे वेचली तोच नाथांच्या दारी चोपदार होऊन उभा असलेला त्यांनी पाहिला. ती कथा सांगणारांत दासोपंतांचे वंशज आणि शिष्यही आहेत, हे त्या संप्रदायाच्या मनाचे औदार्य मला फार मोलाचे वाटते.

दासोपंतांच्या लेखनाचा विस्तार ऐकून मन थक्क होते. त्यांस रोज एक ढब्बू पैशाची शाई लागे, असे अंबाजोगाईत अजून सांगतात. भगवद्गीतेवरील त्यांच्या ‘गीतार्णव’ या टीकेच्या ओव्या सव्वा लक्ष होत्या अशी परंपरा आहे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या संख्येचा अर्थ कळतो. याशिवाय ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘ग्रंथराज’, ‘वाक्यवृत्ती’, संस्कृतातील रचना, दत्ताच्या षोडश अवतारांचे वर्णन, आणि ‘पदार्णव’ या नावाने ओळखला जाणारा पदांचा समुद्र. स्पष्ट बोलावयाचे तर गीतार्णव सलग वाचून काढणे हे सामान्य वाचकाचे काम नाही. त्यांतील पुनरुक्ती दीर्घ आहे, आणि ज्ञानेश्वरांच्या एका उपमेने जे साधते ते येथे शंभर ओव्यांनी साधावे लागते. परंतु पदे उचलावीत आणि दासोपंतांची योग्यता कळावी. ती रागांत बांधलेली आहेत, त्यांत आर्तता आहे, लाडिकपणा आहे, रुसवा आहे, आणि मराठीखेरीज कानडी, तेलुगू व हिंदी या भाषांचाही संचार त्यांत आहे. कारण बेदरचा मुलूख हा या सर्व भाषांच्या शिवेवरचा, आणि तेथे वाढलेल्या माणसाच्या कानात त्या सगळ्या एकदम नांदत.

आता पासोडी. पासोडी म्हणजे थंडीवाऱ्यात अंगावर घ्यावयाचे जाडेभरडे सुती पांघरूण. शेतकरी, गोसावी, वाटसरू यांच्या खांद्यावरचे वस्त्र. दासोपंतांनी आपला ‘पंचीकरण’ हा ग्रंथ पोथीच्या पत्रांवर न लिहिता अशा वस्त्रावर लिहिला. त्यांत सुमारे १६०० ओव्या आहेत, आणि ओव्यांच्या जोडीस घरे पाडलेली कोष्टके आणि आकृत्या आहेत. विषय वेदान्ताचा. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी या पाच सूक्ष्म भूतांपासून दिसणारे स्थूल जग कसे सिद्ध झाले, याची शास्त्राने दिलेली उपपत्ती अशी की प्रत्येक भूताचे आधी दोन समभाग होतात. एक अर्धा भाग ते स्वतःपाशी ठेवते, दुसऱ्या अर्ध्याचे चार वाटे करून उरलेल्या चार भूतांस एकेक देते, आणि अशा रीतीने प्रत्येक स्थूल भूतात अर्धा अंश स्वतःचा व एक-अष्टमांश इतर चौघांपैकी प्रत्येकाचा असतो. मग या मिश्रणातून देह, इंद्रिये, प्राण, अंतःकरण यांची तत्त्वे कशी वाटली गेली, कोणते तत्त्व कोणत्या भूताच्या खाती पडते, आणि सर्वांची वजावाट होऊन शेवटी साक्षी आत्मा कसा शिल्लक राहतो, हे सारे क्रमाने मांडावयाचे.

हा विषय कानांनी ऐकताना श्रोता हमखास वाट चुकतो. पाच पंचवीसांची गणिते, त्यांचे पोटविभाग, त्यांच्या देवता, हे मुखाने सांगत गेल्यास मागचे विसरून पुढचे ऐकावे लागते. येथे देशपांड्याचा मुलगा जागा झाला, असे माझे मत आहे. परगण्याच्या दफ्तरात गावे उभी आणि बाबी आडव्या मांडून एका दृष्टिक्षेपात सगळ्या मुलखाचा आकार दाखविण्याची जी रीत त्याने घरच्या ओसरीवर पाहिली होती, तीच त्याने विश्वाच्या जमाबंदीस लावली. ज्या हिशेबी लेखनाचा त्याग करून तो घराबाहेर पडला होता ते लेखन त्याला सोडून गेले नव्हते. ते शुद्ध होऊन, मोठे होऊन, अध्यात्माच्या सेवेस रुजू झाले. वस्त्र भुईवर पसरावे, भोवती शिष्यांनी बसावे, गुरूने काठी वा बोट फिरवीत या घरातून त्या घरात न्यावे, आणि ऐकणाऱ्याने ओवी ऐकता ऐकता तिचे स्थान डोळ्यांनी ओळखावे, अशा अध्यापनास ही पासोडी किती अनुकूल आहे, हे तिच्याकडे पाहताच ध्यानात येते. चाळीस फूट लांबीचा असा ग्रंथ एका दृष्टीत मावत नाही. त्याच्या कडेकडेने चालत जावे लागते. वाचन हीच तेथे एक प्रदक्षिणा होते.

दासोपंतांनी शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस, म्हणजे १६१६ च्या आरंभी, अंबाजोगाईस देह ठेवला. नृसिंहतीर्थावर त्यांची समाधी आहे. घराण्याच्या थोरले देवघर आणि धाकटे देवघर अशा दोन शाखा झाल्या, आणि त्यांनी पोथ्या, पदांचे गायन व षष्ठीचा उत्सव हे तिन्ही सांभाळले.

दासोपंतांच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी, २८ नोव्हेंबर १७५७ रोजी, लंडनच्या सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवर पायमोजे आणि कापडचोपड विकणाऱ्या एका दुकानदाराच्या घरी विल्यम ब्लेक जन्मास आला. लहानपणी पेकहॅमच्या माळावर एका झाडाच्या फांद्याफांद्यांवर त्याने देवदूत बसलेले पाहिले, आणि घरी येऊन ते सांगितल्याबद्दल बापाचा मार खाण्याची वेळ त्याजवर आली. आईच्या रदबदलीने ती टळली. १७७२ मध्ये जेम्स बझायर या ताम्रकोरक्याकडे तो सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला, आणि गुरूने त्यास वेस्टमिन्स्टर ॲबीतील जुन्या राजेराण्यांच्या थडग्यांची चित्रे काढावयास धाडले. पुढील आयुष्यभर पोट भरले ते याच धंद्यावर. दुसऱ्यांची चित्रे दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी तांब्यावर कोरून देणे हा त्याचा रोजगार होता.

१७८७ मध्ये त्याचा अत्यंत लाडका धाकटा भाऊ रॉबर्ट वारला. भावाचा आत्मा आनंदाने टाळ्या वाजवीत छतातून वर जाताना आपण पाहिला, असे ब्लेक म्हणे. आणि कविता व चित्र एकाच पत्र्यावर कसे साधावे या विवंचनेत तो असता त्याच भावाने दर्शन देऊन युक्ती सांगितली, असेही तो म्हणे. ती युक्ती अशी. आम्लास दाद न देणाऱ्या रोगणाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे उलटी लिहावयाची आणि आकृत्या काढावयाच्या, मग पत्र्यावर आम्ल सोडावयाचे. मोकळे तांबे खाल्ले जाते, रोगणाखालचे उठून राहते, त्यावर शाई लावून दाबयंत्रातून कागदावर छाप घ्यावयाचा, आणि छापावर कुंचल्याने रंग भरावयाचा. लग्नाच्या नोंदवहीत १७८२ साली जिने नावाऐवजी फुली काढली होती ती त्याची पत्नी कॅथरीन पुढे त्याच्याकडून लिहावाचावयास शिकली, आणि छपाईत, रंगकामात व पुस्तकबांधणीत त्याची उजवी बाजू झाली. १७८९ मध्ये निरागसतेची गीते आणि १७९४ मध्ये त्यांसोबत अनुभवाची गीते अशी निघाली. नंतरचे ‘जेरुसलेम’ हे महाकाव्य १०० पत्र्यांचे आहे, आणि त्याची संपूर्ण रंगविलेली प्रत ब्लेकच्या हातून एकच झाली.

दासोपंत आणि ब्लेक यांच्यात मोठे अंतर आहे, आणि ते पुसून टाकणे मला मान्य नाही. दासोपंत शास्त्राच्या आज्ञेत राहून लिहितात. त्यांच्या कोष्टकातील एकही घर त्यांनी स्वतः कल्पिलेले नाही. ब्लेक आपली दैवते आपणच निर्माण करतो, त्यांना नावे देतो, आणि दुसऱ्याच्या व्यवस्थेचा दास होण्यापेक्षा स्वतःची व्यवस्था रचणे बरे, असे मानतो. एकाच्या पाठीशी गुरुपरंपरा उभी आहे, दुसरा चर्च, राजा आणि अकादमी या तिघांशी भांडत उभा आहे. १८०४ मध्ये तर राजद्रोहाच्या आरोपावरून चिचेस्टर येथे त्याची चौकशी झाली आणि तो निर्दोष सुटला. साम्य आहे ते दर्शनाच्या कारागिरीत. दोघांसही जे दिसले ते नुसत्या शब्दांत मावले नाही, आणि दोघांनीही छापखान्याच्या किंवा दरबारी लेखकाच्या हाती ते न सोपविता हातच्या धंद्यातील हत्यार उचलले. एकाने दफ्तराचे कोष्टक उचलले, दुसऱ्याने ताम्रकोरक्याची सळई.

या दोघांच्या वाटा एके ठिकाणी मात्र खरोखर जवळ येतात, आणि ते स्थान म्हणजे भगवद्गीता. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील चार्ल्स विल्किन्स याने काशीच्या पंडितांच्या साहाय्याने गीतेचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १७८५ मध्ये लंडनात प्रसिद्ध झाले. १८०९ मध्ये ब्लेकने आपल्या भावाच्या दुकानाच्या माडीवर स्वतःच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले. त्यात ‘ब्राह्मण’ या नावाचे एक चित्र होते, आणि त्याचा विषय होता ब्राह्मणांशी चर्चा करीत गीतेचे भाषांतर करणारा विल्किन्स. चित्रातील पंडितांचा पोशाख यथातथ्य नाही हे त्याने सूचिपत्रात मान्य केले आणि प्राचीनांच्या आधारावर त्याचे समर्थनही केले. प्रदर्शनास फारसे कोणी फिरकले नाही, वृत्तपत्रांतून आला तो एकच अभिप्राय आणि तोही हेटाळणीचा, आणि ते चित्र पुढे नाहीसे झाले. ज्या ग्रंथावर सव्वा लक्ष ओव्यांचा समुद्र अंबाजोगाईत रचला गेला, त्याच ग्रंथाने सोहोतील या एकाकी कारागिराचे चित्त दोन शतकांनंतर वेधले होते.

१२ ऑगस्ट १८२७ रोजी ब्लेक वारला आणि बनहिल फील्ड्सच्या दफनभूमीत त्यास पुरले. थडग्यावर त्याचे स्वतंत्र चिन्ह राहिले नाही, आणि नेमकी जागा पुढे विस्मृत झाली. त्या जागेवर शिला बसली ती २०१८ च्या पुण्यतिथीस. त्याचे अप्रकाशित लेखन ज्याच्या हाती गेले त्या फ्रेडरिक टेथम याने धार्मिक भीतीपोटी त्यांतील काही जाळून टाकले, असे त्या काळचे लोक सांगून गेले आहेत. जे वाचले ते एकेका माणसाच्या आस्थेने वाचले. ब्लेकची एक हस्तलिखित वही १८४७ मध्ये दान्ते गेब्रिएल रोझेटी या तरुण चित्रकार-कवीने ब्रिटिश म्युझियममधील एका नोकराकडून दहा शिलिंगांस विकत घेतली. अलेक्झांडर गिलख्रिस्ट याने चरित्र लिहावयास घेतले, तो १८६१ मध्ये वारला, आणि त्याची विधवा पत्नी ॲन हिने रोझेटी बंधूंच्या साह्याने ते पुरे करून १८६३ मध्ये प्रसिद्ध केले. १८९३ मध्ये कवी येट्सने एडविन एलिसच्या जोडीने ब्लेकचे समग्र काव्य संपादित केले. १९१६ मध्ये, महायुद्ध पेटलेले असता, ह्यूबर्ट पॅरी या संगीतकाराने ब्लेकच्या एका छोट्या कवितेस चाल लावली आणि ते गीत साऱ्या इंग्लंडच्या तोंडी झाले. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग याने ब्लेकला गुरुस्थानी मानले. १९४८ मध्ये हार्लेममधील खोलीत आपण ब्लेकचा आवाज ऐकला असे तो जन्मभर सांगत असे. हाच गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईस आला आणि तेथील तरुण कवींत वावरला. त्या पिढीतील अरुण कोलटकर चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, रेखनकलेवर चरितार्थ चालविणारे आणि दोन भाषांत कविता लिहिणारे; आपल्या पुस्तकाचे पान कसे दिसावे याची काळजी कवीने स्वतः वाहावी, हा आग्रह मराठीत त्यांच्याइतका फार थोड्यांनी धरला आहे.

दासोपंतांचाही पुनःशोध असाच एकेका आस्थेवाईक माणसाने घेतला. ठाण्याचे वि. ल. भावे यांनी १९०३ मध्ये ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढून जुन्या बाडांतील कविता छापण्यास आरंभ केला, आणि त्यांत दासोपंतांस मानाचे स्थान दिले. निजामी अमलात मराठवाड्यातील शाळा-कचेऱ्यांत मराठीची जी कुचंबणा झाली तिच्यामुळे या मुलखातील हस्तलिखितांकडे शिक्षितांचे लक्ष उशिरा वळले, तरी न. शे. पोहनेरकरांसारख्या संशोधकाने अंबाजोगाईच्या देवघरांतील या ठेव्यास हात घातला आणि पासोडी संपादून अभ्यासकांपुढे ठेवली. या सर्वांपूर्वी सुमारे तीनशे वर्षे ती सांभाळणारे लोक विद्वान म्हणून कोठे नोंदले गेलेले नाहीत. पेंढारी आले, रोहिले आले, निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या पलटणीची छावणी गावाशेजारी पडली, गावाचे नाव मोमिनाबाद झाले आणि पुन्हा अंबाजोगाई झाले. आणि या सगळ्या उलथापालथीत त्या घरांतील बायामाणसांनी हे भले मोठे वस्त्र ओलीपासून, कसरीपासून आणि विकत मागणाऱ्यांपासून जपले. ब्लेकचा प्रभाव टिकला तो संग्राहक, संपादक आणि म्युझियम यांच्या बळावर. दासोपंतांचा टिकला तो उत्सवाच्या शिरस्त्यावर, पदे पाठ असणाऱ्या गळ्यांवर आणि देवघराच्या कुलपावर. आणि या दोन्हींपैकी दुसरा मार्ग अधिक कष्टाचा होता, असा माझा निर्णय आहे.

ज्या नांदेडात शीख पंथीयांनी ग्रंथास गुरू मानून त्याची अहोरात्र सेवा चालविली आहे, आणि ज्या लातूरच्या विद्यालयांनी परीक्षांच्या निकालांत नाव मिळविले आहे, त्या दोन्ही नगरांस माझी एक विनंती आहे. कंधार, औसा, उदगीर, देगलूर, निलंगा, माहूर या जुन्या ठाण्यांत अजूनही अशी घरे आहेत की ज्यांच्या माळ्यावर फडक्यात बांधलेली बाडे पडून आहेत. घरातील वृद्ध गेले, वाडा विकावयाचा ठरला, म्हणजे ही बाडे पवित्र म्हणून कोणी रद्दीत घालीत नाही. ती मोठ्या श्रद्धेने गोदावरीत सोडून देतात. टेथमने जे विस्तवाच्या हाती दिले ते आपण पाण्याच्या हाती देऊ नये. वाचता न येणाऱ्या मोडीचे बाड असो, आकृत्या काढलेला कापडाचा जीर्ण तुकडा असो किंवा पदांची फाटकी वही असो, ती नांदेडच्या अथवा छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेऊन दाखवावी, तिची प्रतिमा उतरवून घेऊ द्यावी, आणि हवी तर मूळ वस्तू पुन्हा आपल्या देवघरात ठेवावी. आणि इंग्रजी शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी ब्लेकच्या कविता त्याच्या रंगीत पत्र्यांसह वर्गात दाखवून झाल्यावर, माघ वद्य षष्ठीच्या सुमारास, विद्यार्थ्यांस एकदा अंबाजोगाईस घेऊन जावे.